घराबरोबर घरधन्याची कहाणीही जपली जावी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील जुन्या घरांविषयी लिहिताना आणि बोलताना आपण सगळेच एका ठरावीक वर्णनात अडकून पडतो. जांभ्या दगडाच्या भिंती, शिंपल्यांची तावदाने, बल्कांव म्हणजे दारापुढची बैठकीची ओटी, राजांगण म्हणजे घरामधला चौक, झुंबरे आणि चिनी मातीची भांडी एवढे सांगून झाले की घराची ओळख पूर्ण झाली असे मानले जाते. ती कारागिरी जपण्याजोगी आहे याबद्दल दुमत नाही. पण त्या घरात कोण राहत होते, कोणत्या हुकमापुढे त्यांनी मान तुकवली नाही आणि त्यापायी घरातल्या माणसांना काय सोसावे लागले, हा भाग बहुतेक वेळा माहितीफलकावरही येत नाही आणि सरकारी नोंदीतही सापडत नाही. या दोन गोष्टी एकत्र जपता येतात आणि त्या तशा जपल्या तर साध्या घरालाही मोठे मोल येते, हे दाखवणारे एक उदाहरण मला गोमंतकीय वाचकांपुढे ठेवायचे आहे.

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात फ्लशिंग नावाचा भाग आहे. तेथे बाऊन स्ट्रीट या रस्त्यावर इ. स. 1661 च्या सुमारास बांधलेले एक लाकडी घर अजून उभे आहे. मोठा चुलाणा असलेले स्वयंपाकघर, उतरते छप्पर आणि पुढच्या पिढ्यांनी गरजेप्रमाणे जोडलेल्या खोल्या, असे ते शेतकऱ्याचे घर आहे. आपल्याकडच्या एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराशेजारी ते ठेवले तर नजरेतही भरणार नाही. ते साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकवले गेले ते त्याच्या मूळ मालकामुळे. त्याचे नाव जॉन बाऊन.

बाऊनचा जन्म 1627 मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात मॅटलॉक येथे झाला. तरुणपणी तो वडील आणि बहिणीबरोबर बॉस्टनला आला आणि पुढे फ्लशिंगला स्थायिक झाला. त्या वेळी न्यूयॉर्क हे नाव अस्तित्वात आलेले नव्हते. ती डचांची वसाहत होती, तिचा कारभार डच वेस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि पीटर स्टायव्हेसंट हा तेथील डायरेक्टर जनरल, म्हणजेच गव्हर्नर, होता. फ्लशिंगला 1645 मध्ये मिळालेल्या सनदेत रहिवाशांना सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिलेले होते. तरीही स्टायव्हेसंटच्या राज्यात डच रिफॉर्म्ड चर्चखेरीज दुसऱ्या कोणत्याही पंथाला उघड उपासना करण्याची मुभा नव्हती आणि त्याचा सर्वांत जास्त राग होता तो क्वेकर लोकांवर.

क्वेकर म्हणजे इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला पंथ. ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरात असतो, त्यासाठी पुरोहिताची मध्यस्थी लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा. ते एकत्र जमतात आणि शांत बसतात. कुणाला आतून बोलावेसे वाटले तर तो उठून बोलतो. शपथ घेणे आणि शस्त्र धरणे त्यांना मान्य नाही, आणि त्या काळी अधिकाऱ्यापुढे टोपी काढणेही त्यांना मान्य नव्हते. पुढे 1947 चे शांततेचे नोबेल पारितोषिक ज्या दोन सेवासंस्थांना विभागून मिळाले, त्या याच पंथाच्या होत. पण 1657 मध्ये मात्र जो कुणी क्वेकराला एका रात्रीपुरताही आसरा देईल त्याला 50 पौंड दंड, असा स्टायव्हेसंटचा हुकूम होता.

या हुकमाला पहिले उत्तर दिले ते फ्लशिंगच्या गावकऱ्यांनी. 27 डिसेंबर 1657 रोजी तीस जणांनी सह्या करून एक निवेदन गव्हर्नरकडे पाठवले, जे इतिहासात फ्लशिंगचे निवेदन म्हणून प्रसिद्ध आहे. गावचा कारकून एडवर्ड हार्ट याने ते लिहिले आणि तेथील शेरीफ टोबायस फीक याने ते नेऊन दिले. प्रेमाचा, शांतीचा आणि स्वातंत्र्याचा नियम ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन यांनाही लागू होतो, कारण तेही आदमचीच लेकरे आहेत, आणि म्हणून आमच्या दारी येणाऱ्यावर आम्ही हात उगारू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. ज्यांच्यावर संकट आलेले नाही अशा माणसांनी संकटात सापडलेल्या दुसऱ्यांसाठी आपली नावे कागदावर लिहून दिली. हार्ट आणि फीक यांना अटक झाली, सह्या करणाऱ्या काहींवर दडपण येऊन त्यांनी माघार घेतली आणि निवेदन दप्तरात गेले. त्याची मूळ प्रत 1911 मध्ये ऑल्बनी येथील आगीत होरपळली, तरी ती आजही न्यूयॉर्क राज्याच्या पुराभिलेखागारात जतन केलेली आहे.

बाऊनची सही त्या निवेदनावर नाही. त्याची गोष्ट पाच वर्षांनंतर सुरू होते, आणि खरे म्हणजे ती त्याच्या पत्नीपासून सुरू होते. हॅना फीक हिच्याशी त्याचे 1656 मध्ये लग्न झाले होते. क्वेकर पंथ प्रथम तिने स्वीकारला, नंतर त्याने. उघड्यावर जमणारी क्वेकरांची बैठक मग त्यांच्या नव्या घरात भरू लागली. 1662 च्या सप्टेंबरमध्ये बाऊनला अटक झाली. घरात क्वेकरांना उतरू देणे आणि बैठका भरू देणे एवढाच त्याचा गुन्हा. त्याला 25 पौंडांचा दंड झाला आणि तो त्याने भरला नाही. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि आपण गुन्हा केलेला नाही, ही त्याची भूमिका होती. काही काळ त्याला केवळ पाव आणि पाण्यावर कोठडीत ठेवले, तरी तो बधला नाही. शेवटी 1663 च्या जानेवारीत त्याला जहाजावर चढवून हद्दपार करण्यात आले. मागे हॅना, लहान मुले आणि शेत एवढे राहिले.

जहाजाने त्याला आयर्लंडच्या किनाऱ्यावर सोडले. तेथून तो इंग्लंडमार्गे अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचला आणि ज्या कंपनीच्या नावाने त्याला हाकलले होते, तिच्याच संचालकांपुढे जाऊन त्याने आपली बाजू मांडली. हाती पैसा नाही, पाठीशी कुणी बडा माणूस नाही, असा तो एक शेतकरी होता. संचालकांनी 16 एप्रिल 1663 रोजी स्टायव्हेसंटला पत्र धाडले. निदान माणसाची सदसद्विवेकबुद्धी तरी मोकळी राहिली पाहिजे, आणि जो शांतपणे वागतो, शेजाऱ्याला उपद्रव देत नाही व सरकारला विरोध करत नाही त्याला त्रास देऊ नये, असे त्यात बजावले होते. त्यांनी हे केवळ उदार मनाने लिहिले असे मी म्हणणार नाही, कारण फार कडकपणा केला तर वसाहतीत माणसे यायची थांबतील ही व्यापाऱ्याची काळजीही त्याच पत्रात स्पष्ट दिसते. पण हुकूम ढिला झाला हे खरे. 1664 च्या आरंभी बाऊन घरी परतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती वसाहत इंग्रजांच्या ताब्यात गेली. 1694 मध्ये फ्लशिंगला क्वेकरांचे स्वतंत्र सभागृह उभे राहीपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, बैठक त्याच घरात भरत राहिली. जॉर्ज फॉक्स स्वतः 1672 मध्ये तेथे आले तेव्हा श्रोते घरात मावेनात, म्हणून समोरच्या ओक वृक्षांखाली सभा झाली. ते सभागृह आजही वापरात आहे. बाऊन 1695 मध्ये वारला.

घराचे पुढे काय झाले तेही आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एकाच घराण्याच्या नऊ पिढ्या तेथे राहिल्या. 1945 मध्ये स्थानिक लोकांनी संस्था स्थापन करून वंशजांकडून घर घेतले आणि पुढे दोनच वर्षांत ते लोकांना पाहण्यासाठी खुले केले. 1966 मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला आणि 2009 मध्ये घर शहराच्या मालकीचे झाले. निवेदनाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे 1957 मध्ये, अमेरिकेच्या टपाल खात्याने धार्मिक स्वातंत्र्याचे तिकीट काढले. आणि ज्या रस्त्याला बाऊनचे नाव आहे, त्याच रस्त्यावर 1977 मध्ये महागणपतीच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. अमेरिकेतील सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी ते एक आहे, आणि 2022 मध्ये त्या रस्त्याला गणेश टेम्पल स्ट्रीट हे जोडनावही देण्यात आले. गोव्यातून तिकडे गेलेली कितीतरी कुटुंबे चतुर्थीला त्या मंदिरात जातात. ज्या घरामुळे त्या रस्त्याला नाव मिळाले, त्या घराची कहाणी त्यांपैकी किती जणांना कुणी सांगितली असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

ही कहाणी गोमंतकीयाला दूरची वाटण्याचे कारण नाही. बाऊनच्या काळी आपल्याकडे काय चालले होते ते आठवावे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातील, मंदिरे सोळाव्या शतकातच पाडली गेली होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेली गेली होती. 1560 मध्ये आलेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत टिकले. 1620 मध्ये हिंदूंना पोर्तुगीज मुलखात आपल्या रीतीने विवाह करण्याची बंदी झाली. 1736 च्या आज्ञापत्राने तर दारातल्या तुळशीलाही हात घातला. मंदिर पाडल्यावर सत्ता थांबली नाही. ती उंबरठा ओलांडून माजघरात शिरली. एक रात्र पाहुणा ठेवला म्हणून दंड आणि अंगणात रोपटे लावले म्हणून दंड, या दोन्हींमागची वृत्ती एकच होती. म्हणून अशा काळात सामान्य माणसाचे घर ही केवळ राहण्याची जागा नसते, ती त्याच्या श्रद्धेची शेवटची जागा असते. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनाही त्याच आज्ञापत्राचा जाच झाला, कारण पिढीजात चालीरीती घरात पाळणे हाच त्यांचा गुन्हा ठरत होता.

जुन्या गोव्यात इन्क्विझिशनचा जो वाडा होता, ज्याला लोक दबक्या आवाजात थोरले घर म्हणत, तो एकोणिसाव्या शतकात पाडला गेला आणि आज तेथे मोकळी जागा आहे. फ्लशिंगला छळ सोसणाऱ्याचे घर टिकले आहे. आपल्याकडे छळ करणाऱ्याचे घर गेले, त्याबद्दल मला खंत नाही. पण छळ सोसणाऱ्यांची घरे कोणती, हेही आपण नोंदवून ठेवलेले नाही, याची खंत जरूर आहे.

सतराव्या शतकातली घरे शोधणे कठीण आहे हे मी मान्य करतो. विसाव्या शतकातली मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहेत. चांदरचे मिनेझिस ब्रागांझा यांचे घर पाहायला देशोदेशीचे पर्यटक येतात आणि तेथील दालने पाहून थक्क होतात. त्या घरातील लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी 1900 मध्ये मेसियस गोमिश यांच्यासह गोव्यातील पहिले दैनिक काढले आणि 1930 मध्ये पोर्तुगालच्या वसाहतविषयक कायद्याविरुद्ध स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला. त्या ठरावाचे मोल घरातल्या कोणत्याही झुंबराहून मोठे आहे, आणि ते घर पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर तो पडला पाहिजे. असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी 1946 च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया पाहुणे म्हणून उतरले. गोव्यात त्या वेळी सरकारी परवानगीवाचून सभा घेता येत नव्हती. त्या पाहुणचारातूनच 18 जूनची मडगावची सभा घडली. पाहुणा घरी ठेवणे आणि सभा भरवणे, बाऊनवरचा आरोपही नेमका हाच होता. आणि त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना जहाजातून पोर्तुगालला हद्दपार केले गेले, तेव्हा त्यांच्याही मागे घरे होती आणि त्या घरांत वाट पाहणारी माणसे होती. हॅना बाऊनचे नाव तिच्या पतीबरोबर तरी घेतले जाते. आपल्या घरांतल्या अशा स्त्रियांची नावे आज कुणाला सांगता येतील?

आग्वादचा तुरुंग सरकारने दुरुस्त करून संग्रहालय म्हणून 2021 च्या डिसेंबरमध्ये खुला केला. हे उत्तम काम झाले आणि त्याबद्दल सरकारचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. पण स्वातंत्र्यसैनिकांना जेथे कोंडले ती जागा जपल्यावर ते जेथून बाहेर पडले, जेथे रात्री भूमिगतांना जेवू घातले गेले, जेथे पत्रके लपवली गेली आणि जेथे ओसरीवर मराठी शाळा भरल्या, त्या जागांकडे वळणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे. राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत प्रामुख्याने मंदिरे, चर्च आणि किल्ले आहेत. राहते घर त्या चौकटीत बसवणे अवघड जाते, आणि घरवाल्यांनाही ते नकोसे वाटते, कारण संरक्षित ठरले की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल ही भीती असते. ही भीती समजून घेतल्याखेरीज या विषयात काही होणार नाही.

घर सांभाळणे किती खर्चाचे आहे हे ज्याने पावसाळ्यापूर्वी कौले परतून घेतली आहेत त्याला सांगावे लागत नाही. वासे कुजतात, वाळवी लागते, जांभ्याच्या भिंतीत पाणी मुरते आणि जुन्या पद्धतीचे चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नाही. त्यात आपला वारसा कायदा मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा देतो. ही समता गोव्याचे भूषण आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण चार पिढ्यांनंतर एका घराचे वारसदार फोंडा, मुंबई, लिस्बन आणि लंडन येथे विखुरलेले असतात, इन्व्हेंटरीचे, म्हणजे कोर्टातील वाटणीचे, प्रकरण वर्षानुवर्षे चालते, आणि ज्याच्या एकट्याचे नाही त्या घरावर पैसा खर्च करायला कुणी पुढे येत नाही. मग एके दिवशी छप्पर बसते, आणि त्या जागी सदनिकांची इमारत उभी राहते. वारसदारांना यात दोष देणे अन्यायाचे आहे. फ्लशिंगमध्येही वंशज एकटे पडले असते तर ते घर टिकले नसते. योग्य वेळी गावातले लोक संस्था करून पुढे आले आणि त्यांनी ते रीतसर विकत घेतले. नंतर शहराने जबाबदारी उचलली. आपल्याकडेही असा न्यास निघू शकतो, जो वारसदारांना त्यांच्या वाट्याचे उचित मोल देईल आणि त्यांना हवे असल्यास घराच्या एका भागात राहण्याचा हक्कही राखून ठेवील. ज्यांना घर द्यायचे नाही त्यांना छप्पर आणि भिंती यांच्या दुरुस्तीसाठी अनुदान आणि घरपट्टीत सवलत मिळाली तर त्यांचेही ओझे हलके होईल.

घरापेक्षाही निकडीचा प्रश्न कागदपत्रांचा आहे. बाऊनची अटक आणि हद्दपारी आज एवढ्या तपशिलात कळते, कारण त्याने रोजनिशी लिहिली आणि घरच्यांनी ती फेकली नाही. आपल्या घरांतही पेट्या आहेत. त्यांत मोडी दस्त आहेत, पोर्तुगीज नोटिसा आहेत, तुरुंगातून आलेली पत्रे आहेत. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे व्यापारी कागद पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेले, म्हणून अभ्यासकांना त्यांवरून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला गोवा समजू शकला. पणजीचे पुराभिलेखागार 1595 पासूनची परंपरा सांगते. तेथे जाऊन कागद देणे प्रत्येकाला जमणार नाही, पण पुराभिलेख खात्याने गावोगावी जाऊन कागदांची छायाचित्रे घेतली आणि मूळ कागद घरच्यांना परत केले, तर कुणाचीच हरकत असणार नाही. मोडी आणि जुनी पोर्तुगीज वाचणारे हात कमी होत चालले आहेत, तेव्हा हे काम घराच्या दुरुस्तीहूनही आधी हाती घ्यावे लागेल.

काही जण म्हणतील की घरांचे रूपांतर हॉटेलात झाले तरी ती टिकतातच, मग वेगळे काय करायचे. टिकतात हे खरे, आणि पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण हॉटेल झाल्यावर उतरलेल्या पाहुण्याला घरधन्याची गोष्ट कुणी सांगावी अशी व्यवस्था नसते. निदान परवाना देताना, त्या घराचा इतिहास मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लिहिलेला फलक दर्शनी भागात लावण्याची अट घालता येईल. त्याला फारसा खर्च येत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की येत्या 18 जूनच्या क्रांतिदिनापासून आठवड्यातून एका घराची माहिती देणारे सदर सुरू करावे. वाचकांनी आपल्या गावातील घराचे नाव, तेथे राहिलेल्या पुरुषांची आणि स्त्रियांची नावे, घडलेली घटना आणि उपलब्ध कागद यांची माहिती पाठवावी. जाणकारांकडून ती तपासून घ्यावी आणि वर्षअखेरीस तयार होणारी यादी पुरातत्त्व व पुराभिलेख खात्यांना सादर करावी. फोंडा तालुक्यातील घरांची माहिती गोळा करण्याच्या कामात मी स्वतः सहभागी होण्यास तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा